माझ्या पायाची माती

"पाय उचल," आईसाहेब म्हणाल्या.

साहेबांच्या लेकीचा, चिऊचा, पहिला वाढदिवस होता. दारापुढं मांडव, तालुक्यातले पुढारी जेवायला आलेले. चिऊ तिच्या आईच्या, म्हणजे वहिनींच्या कडेवर होती आणि रडत होती. जरीचा नवा फ्रॉक तिला काखेत टोचत होता. मला ते लांबून कळत होतं. पण मला कोण विचारणार? मी पत्रावळ्यांच्या गठ्ठ्याजवळ उभी होते. चिऊनं मला पाहिलं, दोन्ही हात माझ्याकडं लांब केले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "माय."

माणसं हसली. वहिनींचं तोंड उतरलं. मग साहेबांच्या आई उठल्या. त्यांना सगळे आईसाहेब म्हणत. त्यांनी माझं मनगट धरलं, मला मांडवाच्या कडेला पेरूच्या झाडाखाली नेलं आणि पाय उचलायला सांगितला.

मी उचलला. त्यांनी वाकून माझ्या पावलाखालची चिमूटभर माती घेतली. मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या होत्याच. चिऊवरून सात वेळा ओवाळलं आणि सगळं निखाऱ्यावर टाकलं. सगळा मांडव बघत होता. आणि खरं सांगायचं तर मी हसत होते. मला वाटत होतं, चारचौघांत माझा मान झाला. पंधरा वर्षांची घोडी होते, तरी एवढी अक्कल नव्हती.

ती अक्कल मला का नव्हती, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं. दसरा झाला की दाराला काटेरी फांदी लावून माणसं ऊस तोडायला जातात. माय आणि आबा कोयत्यावर जायचे, मी त्यांच्या मागं. आठ वर्षांची झाले तेव्हापासून टोळीतली लेकरं माझ्या हवाली. बाया पहाटे उसाच्या फडात शिरल्या की मी बैलगाडीखाली लुगड्यांच्या झोळ्या बांधायची. एका वेळी पाच-सहा लेकरं. भुकेचं रडणं वेगळं, पोटदुखीचं वेगळं. कान दुखत असला की लेकरू डोकं एका अंगाला घासत राहतं. हे मला कोणी शिकवलं नाही, बघून बघून कळलं. त्याला कोणी काम म्हणत नव्हतं. कामं मोठी माणसं करायची, मी नुसती लेकरं सांभाळायची.

अर्धं वर्ष फडात, अर्धं वर्ष शाळेत. असं करत नववी पास झाले, तेव्हा आमच्या मास्तरांनाच नवल वाटलं. दहावीला मात्र मी हट्ट धरला. या साली उसाला येणार नाही, परीक्षा देणार. घरी म्हणाले, मग लग्न करू. एक स्थळ बघूनही गेलं होतं. मी चार दिवस जेवले नाही. तेव्हा टोळीच्या मुकादमानं तिसरी वाट काढली. गेवराईला शाळा चालवणारे एक साहेब आहेत, त्यांच्या घरी तान्ही पोरगी आहे, तिला सांभाळायचं आणि शाळेत जायचं. शाळा साहेबांचीच. "घरच्यासारखी ऱ्हाईल तुमची लेक," तो आबाला म्हणाला.

त्या 'घरच्यासारखी'वर आम्ही सगळे भाळलो. झोपायचं कुठं, शाळेत किती वाजता सोडणार, घरात कोण कोण असतं, एक गोष्ट कोणी विचारली नाही. आबा शेळी विकतो तेव्हा घेणाऱ्याचा गोठा बघून येतो. मला सोडायला आला तेव्हा फाटकातूनच माघारी गेला, कारण त्याला आत कोणी बोलावलं नाही.

जूनमध्ये मी त्या घरात आले तेव्हा चिऊ चार महिन्यांची होती. पाच खोल्या, गुळगुळीत फरशी, आणि मला जागा जिन्याखाली. तिथं पडदा होता. दार नव्हतं, त्यामुळं कडीचा प्रश्नच नव्हता. मी दप्तर उशाला घेऊन भिंतीला पाठ लावून झोपायची. का ते त्या वयातल्या पोरींना सांगावं लागत नाही.

वहिनी वाईट नव्हत्या. शिकलेल्या होत्या आणि स्वतःच्याच लेकराला भ्यायच्या. लेकरू पाजल्यावर ढेकर कसा काढायचा हे त्या मोबाइलवर बघत आणि तोवर लेकरू ओकलेलं असायचं. पहिल्या दिवशी चिऊ तासभर रडत होती. मी तिला माझ्या हातावर पालथी घेतली, पोट तळहातावर आणि डोकं कोपरात, अशा दोन येरझाऱ्या घातल्या. ती गप झाली. वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तू आहेस म्हणून बरं." मला कोणी असं कधी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी आठ महिने राबले.

आणि चिऊ. तिच्याबद्दल काय सांगू? तिचे पहिले दोन दात माझ्या बोटाला लागले. ती पहिल्यांदा उभी राहिली ती माझी ओढणी धरून. आमच्याकडं लहान पोरींना लाडानं माय म्हणतात. ये माझी माय, खा माझी माय, असं मी दिवसभर बोलायची. तेच तिनं उचललं. तिला मम्मा शिकवायला वहिनी रोज बसायच्या आणि ती माझ्याकडं बघून माय म्हणायची. मला आतून गुदगुल्या व्हायच्या आणि भीतीही वाटायची.

शाळेचं सांगते. जूनमध्ये पूर्ण दिवस जायची. गणपतीनंतर अर्धा दिवस. माय-आबा उसाला गेले, आमच्या दाराला काटेरी फांदी लागली, आणि मग आठवड्यातून दोन दिवस. चिऊला सर्दी झाली, राहा घरी. पाहुणे आले, राहा घरी. पण शाळा साहेबांची असल्यामुळं हजेरी लागायची. मी घरी लंगोट वाळत घालत असायची आणि वर्गात पण हजर असायची. एकाच वेळी दोन ठिकाणी, देवासारखी. अभ्यास मी चिऊला मांडीवर घेऊन करायची. भूमितीच्या पुस्तकातलं वर्तुळाचं पान तिनं फाडून खाल्लं, ते प्रकरण मला अजून येत नाही.

आता मातीचं. दर शनिवारी, आणि चिऊनं कधी खाताना तोंड फिरवलं की त्या दिवशी, आईसाहेब तिची दृष्ट काढायच्या. घरात सगळीकडं फरशी, म्हणून मला पेरूखाली उभं करून माझ्या पावलाखालची माती घ्यायच्या. आमच्या घरीही दृष्ट काढतात. माझ्या भावाची काढायची असली की माय स्वतःच्याच पायाची माती घ्यायची. ती म्हणायची, जगात सगळ्यात आधी नजर लागते ती मायेच्या माणसाची, कारण तेच टक लावून बघतं. म्हणून आमच्यात मायेच्या माणसाच्या पायाची माती घेतात. मला वाटलं, या घरात चिऊवर सगळ्यात जास्त माया कोणाची, ते आईसाहेबांना कळलं. फडातल्या मायला मी फोन करून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी तुला घरातली धरली त्यांनी." तिचा आवाज भरून आला होता. आम्ही दोघी मायलेकी वेड्या.

वाढदिवसाची जेवणं उरकली. मी मागच्या पडवीलगतच्या मोरीत चिऊची बाटली धूत होते. पडवीत झोपाळ्यावर आईसाहेब आणि त्यांची बहीण बसलेल्या, वहिनी दाराशी. बहिणीनं विचारलं, सारखी या पोरीच्याच पायाची माती कशाला घेतेस, पोरीची लेकरावर माया दिसते.

"माया कशाची?" आईसाहेब म्हणाल्या. "उपाशी घरची नजर हाय ती. पोटात नसतंय ते डोळ्यात येतंय. दिसभर लेकरू हिच्याच कडेवर, मंग ती नजर उतरवायला नगं का?"

बहीण म्हणाली, मग दुसरी बघ की. त्यावर आईसाहेब म्हणाल्या, लेकरू दुसरीकडं राहत नाही.

वहिनींनी मला पाहिलं. मी ऐकलं हे त्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली आणि हातातल्या बांगड्या सारख्या केल्या. तू आहेस म्हणून बरं, असं म्हणणारं तेच तोंड. ते उघडलं नाही.

मी बाटली पुन्हा धुतली. मग पुन्हा धुतली. म्हणजे आठ महिने दर शनिवारी मी हसत हसत पाय उचलत होते, आणि त्या माझी भूक लेकरावरून उतरवून जाळत होत्या. नजर वाईट, पण मांडी चालत होती. हात चालत होते. मला रडू आलं नाही.

पण खरी वाईट गोष्ट पुढं आहे. ती कोणाला सांगितली नव्हती. मी त्यांचं खरं मानलं.

त्या दिवशी मी न्हाणीघरातल्या आरशात माझे डोळे बघितले. वाटलं, असेलही. आपण उपाशी घरचेच आहोत. चिऊच्या वाटीतली खीर बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं की एकदा. आपल्या नजरेनं लेकराला काही झालं तर? मी चिऊकडं बघायचं सोडलं. डोळे खाली घालून तिला भरवायची. घास तिच्या गालाला लागायचा. ती आपले दोन्ही तळहात माझ्या गालांना लावायची आणि माझं तोंड वर करायची. मी पुन्हा खाली घालायची. तिला तो खेळ वाटला पहिल्या दिवशी. नंतर ती रडायला लागली. आठ दिवस मी एक वर्षाच्या पोरीला माझे डोळे दिले नाहीत.

नवव्या दिवशी तिला सणकून ताप आला. दवाखान्यात डॉक्टरांनी कानात बॅटरी घालून पाहिलं. कान आतून पिकला होता. ते म्हणाले, दोन-तीन दिवस दुखत असणार, डोकं घासत असेल, कोणी बघितलं नाही का?

डोकं एका अंगाला घासणं. ते तर मला आठव्या वर्षापासून कळत होतं. फडात धुळीत, अंधारात, पाच लेकरांच्या गलक्यात मी ते ओळखलं होतं. इथं माझ्या मांडीवरच्या लेकरानं तीन दिवस डोकं घासलं आणि मी फरशी बघत होते. माझ्या नजरेनं चिऊचं कधी काही बिघडलं नव्हतं. मी नजर काढून घेतली तेव्हा बिघडलं. माझे डोळे ही त्या घरातली सगळ्यात कामाची वस्तू होती, आणि मी आईसाहेबांच्या बोलण्यावरून ती फेकून दिली होती. त्या दिवशी मी रडले. आधी चिऊसाठी आणि मग माझ्यासाठी.

चिऊ बरी झाली. मी तिला पुन्हा डोळे भरून बघायला लागले. आईसाहेब बघत असतील तेव्हा तर मुद्दाम जास्त.

मग देवाला जायचं निघालं. चिऊचं जावळ काढायचं होतं. पहिले केस देवापाशीच काढतात, मान मामाच्या मांडीचा असतो, पण चिऊ मामाकडं जात नव्हती, म्हणून मला जावंच लागणार होतं. मुहूर्त निघाला तो माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी. मी वहिनींना सांगितलं. वहिनींनी आईसाहेबांना सांगितलं. आईसाहेब म्हणाल्या, "पेपर पुढल्या साली दे. साळा काय पळून चालली का? आपलीच हाय."

शाळा त्यांची होती. पण परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत होतं आणि हॉलतिकीट माझ्या गाइडमध्ये होतं.

सकाळी आठला गाडी दारात उभी. मी दप्तर घेऊन जिन्याखालून बाहेर आले. प्रवासाआधी दृष्ट काढायची म्हणून आईसाहेब मूठ भरून पेरूखाली उभ्याच होत्या. चिऊ गाडीत वहिनींच्या मांडीवर.

"पाय उचल."

मी उचलला नाही. त्यांना वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाल्या. मी दोन्ही पाय रोवून उभी राहिले. तेव्हा त्या वाकल्या आणि माझा घोटा धरून ओढायला लागल्या. साठीची बाई, पोतंभर सोनं अंगावर, माझ्या पायाशी वाकून माझा पाय ओढत होती. मला त्यांची कीव आली नाही. आज पण येत नाही.

"न्हाई उचलत," मी म्हणाले. "माझी नजर वाईट न्हाई, आईसाहेब. मी बघत व्हते म्हणून लेकरू धड व्हतं. आता तुमी बघा."

एवढंच बोलले. आधी पाठ केलेलं बरंच होतं, ते तसंच राहिलं. मी फाटकाकडं चालायला लागले. साहेब गाडीपाशी फोनवर बोलत होते, त्यांनी मान वर केली नाही. वहिनींनी काच खाली केली. वाटलं, आता तरी बोलतील. बोलली चिऊ. "माय." आणि मग तिचं ते रडणं, भुकेचं नाही, दुखण्याचं नाही. ते रडणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी मागं वळले नाही. वळले असते तर गाडीत बसले असते, हे मला पक्कं माहीत होतं.

पेपर मराठीचा होता. उत्तरपत्रिकेवर पाणी पडलं म्हणून पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, घाम आलाय का. मी हो म्हणाले.

बाकीचे पेपर मी तलवाड्याच्या एका वर्गमैत्रिणीच्या घरी राहून दिले. तिच्या आईनं काही विचारलं नाही, अंथरूण सरकवलं. आबाला फोन केला तेव्हा तो उखडला. साहेबांच्या घराशी संबंध तोडले, मुकादमाला काय तोंड दाखवू? मी त्याला मातीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पायच तर उचलायचा व्हता. त्यात काय गेलं तुझं?" मग मायनं फोन घेतला. फडात कोयते चाललेले ऐकू येत होते. ती हळूच म्हणाली, "लेकरू लई रडलं का गं?"

मी फोन ठेवला. त्यानंतर आम्ही दोघींनी त्या लेकराचं नाव कधी काढलं नाही.

गणितात नापास झाले. वर्तुळच नडलं. पुन्हा बसून काढलं. आज मी वीस वर्षांची आहे आणि अजूनही लेकरंच सांभाळते, गेवराईतच, एका नर्सबाईंच्या घरी. पहिल्या दिवशी मी आधी झोपायची खोली बघितली आणि दाराची कडी आतून लावून बघितली. मग कॉलेजच्या वेळा कागदावर लिहून त्यांच्यापुढं ठेवल्या. त्या जरा चमकल्या, पण सही केली. आमच्या भागातली पोरगी आता कोणाच्या घरी लेकरू सांभाळायला निघाली की तिचे आई-बाप मला बोलावतात, आणि मी फाटकातून माघारी फिरत नाही. आतपर्यंत जाते. लोक म्हणतात, लई आगाऊ झाली. झाले.

काल शुक्रवारी बाजारात चिऊ दिसली.

सहा वर्षांची झाली. दोन वेण्या, कपाळावर माझ्याच ओळखीची ती खोक. ती खोक उंबऱ्याची आहे, माझ्या देखत पडली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं, जसं आपण कोणत्याही माणसाकडं बघतो, आणि मग फुगेवाल्याकडं बघितलं. मी काय समजत होते कोणास ठाऊक. एका वर्षाच्या लेकराला काय आठवणार? पण काळजाला कोण समजावणार.

वहिनी पुढं दुकानात होत्या. चिऊच्या मागं एक पोरगी उभी होती. तेरा वर्षांची असेल नसेल. कडेवर चिऊचा धाकटा भाऊ, खांद्याला बाटलीची पिशवी, पायात चप्पल नाही. मी गाव विचारलं. आमच्याच शेजारचं निघालं. माय-बाप उसाला गेलेले. मी शाळेचं विचारलं. म्हणाली, नाव आहे साहेबांच्या शाळेत. चौदाच्या आतली पोर घरात कामाला ठेवणं गुन्हा आहे, हे मला आता माहीत आहे. तक्रार कुठं करायची, तेही माहीत आहे. पण मी वेगळंच विचारलं. म्हटलं, शनिवारी तुला पेरूखाली उभी करतात का?

ती आधी दचकली. मग लाजून हसली. असं हसली की मला तिथं उभं राहवेना.

"व्हय," ती म्हणाली. "लेकराला माझी लई माया लागली ना."

मी तिला काही सांगितलं नाही. बाजारात, कडेवर लेकरू असताना सांगायची ती गोष्ट नाही. रात्री तिच्या मायचा नंबर मिळवून फोन लावला. ती पण आधी हेच म्हणाली, येवढं चांगलं घर. मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, आण तिला.

आज शनिवार आहे. तक्रारीचा अर्ज लिहून पिशवीत ठेवला आहे, पण तो सोमवारी कार्यालय उघडल्यावर द्यायचा. आधी मी त्या फाटकातून आत जाणार आहे. आईसाहेब मूठ भरून येतील तेव्हा पेरूखाली आम्ही दोघी उभ्या असू. चार पाय. त्यातला एकही उचलला जाणार नाही.